इन्सुलीन कमी लागू लागले, म्हणून आनंद मानावा काय?

रोग्याला औषध कमी लागू लागले की घरच्या मंडळींना आनंद होतो, आणि तो साहजिकच आहे. ताप उतरला, काढा बंद झाला. जखम भरली, पट्टी सुटली. हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. परंतु काही रोग असे आहेत की, त्यांत औषधाची गरज कमी होणे हे बरे होण्याचे लक्षण नसून दुसराच एखादा रोग घरात शिरल्याची खूण असू शकते. बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी जडणारा, इन्सुलीन टोचल्यावाचून ज्यात निभाव लागत नाही असा जो मधुमेह, ज्याला वैद्यकात पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, तो अशांपैकी एक होय. या मधुमेहाच्या मुलाला कालपर्यंत जेवढे इन्सुलीन लागत होते तेवढे आज सोसेनासे झाले, साखर वारंवार एकदम उतरू लागली, तर त्याचे कारण पोटात नव्हे, गळ्यात असू शकते. हे कसे, आणि अशा वेळी आपण काय करावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या गावांतून व शहरांतून ‘शुगर’ म्हणून जो रोग सर्वांच्या तोंडी असतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असतो. तो बहुधा प्रौढ वयात येतो. त्यात शरीर इन्सुलीन तयार करते, पण ते पुरे पडत नाही किंवा अंगी लागत नाही. पथ्य, चालणे, गोळ्या यांनी तो बराच काळ आटोक्यात राहतो. पहिल्या प्रकारची गोष्ट निराळी आहे. तेथे इन्सुलीन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, आणि त्या नष्ट करणारा शत्रू बाहेरून आलेला नसतो. शरीराचे रक्षण करण्यासाठी ज्या पांढऱ्या पेशी नेमलेल्या असतात, त्यांनीच आपल्या घरातल्या माणसाला चोर समजून मारलेले असते. वैद्यक यास आत्मप्रतिरक्षा म्हणते. पहारेकऱ्याने घरधन्यावरच काठी उगारावी, तसा हा प्रकार आहे.

ज्या अवयवावर ही काठी पडते ते स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पसरलेले असते. त्याची कामे दोन. अन्न पचविणारा रस आतड्यात सोडणे हे एक. आणि त्याच्या अंगात बेटांसारखे विखुरलेले जे पेशींचे पुंजके आहेत, त्यांतून इन्सुलीन रक्तात सोडणे हे दुसरे. ही बेटे लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली प्रथम पाहिली, पण ती कशासाठी आहेत हे त्याला उमगले नव्हते. पुढे १८८९ साली मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला आणि या अवयवाचे महत्त्व कळून आले. १९२२ सालच्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलीन टोचण्यात आले. तोपर्यंत या रोगाचे निदान म्हणजे मुलाचे आयुष्य काही महिन्यांचे, फार तर एक-दोन वर्षांचे, असा अर्थ होता. बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्थ बदलला.

आता गळ्याकडे वळू. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. वजन अवघे पंधरा ते पंचवीस ग्रॅम. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. बोलण्यात आपण थायरॉईडच म्हणतो, म्हणून येथेही तोच शब्द वापरू. अन्नातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचा स्राव तयार करते. हा स्राव शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीला तिच्या कामाचा वेग ठरवून देतो. हृदयाने किती भरभर चालावे, आतड्याने अन्न किती लवकर पुढे ढकलावे, अंगात उष्णता किती निर्माण व्हावी, मुलाची उंची किती वाढावी, या सर्वांवर त्याची सत्ता चालते.

कोराडीच्या माणसाला हे समजावून सांगणे फार सोपे आहे. येथील वीजकेंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. विजेची मागणी वाढली की नियंत्रण कक्षातून हुकूम सुटतो, बॉयलरात कोळसा वाढतो, वाफ वाढते आणि टर्बाईनवरचा भार वाढतो. मागणी घटली की हुकूम उलटा. शरीरातही असाच एक नियंत्रण कक्ष आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोषग्रंथी असते. ती टीएसएच नावाचा हुकूम रक्तातून थायरॉईडकडे पाठविते. थायरॉक्सिन पुरेसे असले तर हुकूम हळू आवाजात दिला जातो. थायरॉईडची भट्टी विझू लागली, तर नियंत्रण कक्ष अधिकाधिक मोठ्याने ओरडू लागतो. म्हणून रक्त तपासले असता टीएसएच वाढलेले आढळते, तेव्हा थायरॉईड जोरात चालली आहे असे नव्हे, तर ती मंदावली आहे असे समजावयाचे. पुष्कळांची येथे फसगत होते. ‘टीएसएच वाढले’ हे ऐकून थायरॉईड वाढली असे ते समजतात. आकडा हुकुमाचा आहे, कामाचा नव्हे, हे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

ही भट्टी विझली म्हणजे काय होते, हे लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली प्रौढ स्त्रियांच्या वर्णनातून जगापुढे मांडले. चेहरा सुजट, कातडी कोरडी, जीभ जड, मन मंद. त्या काळी यावर उपाय नव्हता. १८९१ साली इंग्लंडातील जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क अशाच एका रोगी बाईला टोचला. ती सुधारली, आणि पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे जगली. शरीरात एखाद्या ग्रंथीची उणीव असेल तर ती बाहेरून भरून काढता येते, या विचाराचे हे पहिले ठळक यश. इन्सुलीनच्या तीस वर्षे आधीचे.

परंतु भट्टी विझते का, हे कोडे शिल्लक होते. आयोडीनची कमतरता हे एक कारण पूर्वीच ठाऊक होते. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाने गळे सुजलेली गावेच्या गावे होती. कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रदीर्घ प्रयोग डॉ. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली झाला, त्यात देव व करमरकर या संशोधकांचाही वाटा होता. त्या प्रयोगाने मिठातून आयोडीन दिले की गलगंड ओसरतो हे सिद्ध केले. तथापि ज्यांना आयोडीन भरपूर मिळते त्यांचीही थायरॉईड मंदावते, ती का?

याचा धागा जपानमध्ये सापडतो. हाकारू हाशिमोटो नावाच्या एका तरुण शल्यवैद्याने १९१२ साली चार स्त्रियांच्या थायरॉईडचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत पांढऱ्या पेशींची अशी गर्दी झालेली होती की मूळ ग्रंथी तीत हरवून गेली होती. त्याने हे एका जर्मन नियतकालिकात छापले आणि काही वर्षांनी तो आपल्या गावी जाऊन साधा गावचा डॉक्टर म्हणून राहिला. १९३४ साली विषमज्वराने तो वारला. आपण पाहिलेल्या गोष्टीचा खरा अर्थ त्याला कळला नाही, आणि आपले नाव पुढे जगभरच्या दवाखान्यांत रोज उच्चारले जाईल याची कल्पनाही त्याला आली नसावी.

अर्थ कळला तो १९५६ साली. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोटोच्या रोगाच्या रोग्यांचे रक्त तपासले. त्या रक्तात रोग्याच्या स्वतःच्याच थायरॉईडमधील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे शत्रूला धरण्यासाठी शरीर जी हत्यारे घडविते ती, त्यांना आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांत असाच रोग उत्पन्न करून दाखविला. शरीर स्वतःवरच उलटू शकते, ही कल्पना तोपर्यंत बहुतेकांना अशक्य वाटत होती. ती आता नाकारता येईना.

आणि येथेच आपल्या विषयाच्या दोन टोकांची गाठ पडते. त्याच डेबोरा डोनियाक यांनी अठरा वर्षांनंतर, १९७४ साली, बोटाझो व फ्लोरिन-ख्रिस्टेन्सेन यांच्यासह आणखी एक शोध प्रसिद्ध केला. ज्या रोग्यांच्या एकाहून अधिक ग्रंथींवर असा आत्मघातकी हल्ला झालेला होता आणि ज्यांना मधुमेहही होता, त्यांच्या रक्तात स्वादुपिंडाच्या बेटांविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. लहानपणचा मधुमेह हा आत्मप्रतिरक्षेचा रोग आहे, हे येथून उजेडात येऊ लागले. ज्या बाईंनी गळ्यातील भांडण ओळखले, त्यांनाच पोटातील भांडणाचा पुरावा मिळावा, हा योगायोग नव्हे. दोन्ही भांडणे सख्ख्या बहिणी आहेत.

त्या सख्ख्या का? पांढऱ्या पेशींना आपले कोण आणि परके कोण हे ओळखावयास शिकविणारी काही जनुके असतात. त्यांतील विशिष्ट वाण ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांच्या पहारेकऱ्यांची नजर थोडी चुकते. एकदा नजर चुकली की ती एकाच दारापाशी चुकेल असे नाही. म्हणून पहिल्या प्रकारच्या मधुमेहाबरोबर जो आत्मप्रतिरक्षेचा रोग सर्वांत अधिक आढळतो, तो थायरॉईडचा होय. मधुमेहाचे निदान होते त्या सुमारास सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे असतात. या सर्वांचीच थायरॉईड लगेच मंदावते असे नाही; पुष्कळांची वर्षानुवर्षे ठीक चालते. परंतु धोका त्यांना इतरांहून अधिक असतो. तो मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतो, आणि वय व रोगाची वर्षे वाढत जातील तसा तो वाढतो. एरवीही हा रोग आपल्याकडे दुर्मिळ नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांतील पाच हजारांवर प्रौढ तपासले गेले, तेव्हा त्यांतील सुमारे ११ टक्क्यांची थायरॉईड मंद आढळली.

स्वादुपिंडावरच्या हल्ल्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याचाही उल्लेख करावयास हवा. त्यात हल्ला केवळ बेटांवर न होता सबंध स्वादुपिंडावर होतो. ते सुजते, कठीण होते, आणि पित्ताची वाट अडून कावीळ होते. बहुधा उतारवयातील पुरुषांना होणारा हा रोग कर्करोगासारखा दिसतो, आणि त्यामुळे घरात हाहाकार उडतो. परंतु स्टेरॉईडने तो उतरतो. याला आत्मप्रतिरक्षाजन्य स्वादुपिंडदाह हे नाव जपानमध्ये १९९५ साली मिळाले. २००१ साली तेथील शास्त्रज्ञांनी आयजीजी-४ नावाचे एक प्रतिपिंड अशा रोग्यांच्या रक्तात वाढलेले असते हे दाखविले. २००५ साली तेथूनच असे कळविण्यात आले की, त्यांनी तपासलेल्या अशा रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोग्यांची थायरॉईडही मंद होती. रोग निराळा, वय निराळे. पण धडा तोच. स्वादुपिंडावर घरचाच हल्ला झाला असेल, तर गळ्याकडेही एकदा पाहावे.

आता प्रश्न असा की, थायरॉईड मंदावली तर ती लक्षात का येत नाही? कारण हा रोग चोरपावलांनी येतो. थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस गळणे, आवाज घोगरा होणे, वजन वाढणे, पाळीत रक्तस्राव अधिक होणे, ही त्याची लक्षणे. यांतील एकही असे नाही की ज्याला दुसरे कारण देता येत नाही. मधुमेहाच्या मुलाला थकवा आला तर आपण मधुमेहाला बोल लावतो. मुलगी अभ्यासात मागे पडली तर आळसाला. उंची खुंटली तर आनुवंशाला. एक लक्षण मात्र विदर्भात उठून दिसावे. मे महिन्यात जेव्हा घराघरांत कूलर घरघरत असतात, तेव्हा ज्याला अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते, त्याची थायरॉईड तपासून घेण्यास हरकत नाही.

मधुमेहाच्या रोग्यात याहून अधिक बोलकी खूण म्हणजे साखर उतरणे. थायरॉईड मंदावली की आतड्यातून अन्नातील साखर सावकाश शोषली जाते. यकृत आपल्या कोठारातून रक्तात जी साखर सोडते, ती कमी सोडते. आणि टोचलेले इन्सुलीन शरीरातून लवकर निघून न जाता अधिक वेळ रेंगाळते. एका बाजूने आवक घटली, दुसऱ्या बाजूने खर्च करणारा घरातच ठाण मांडून बसला, मग शिल्लक कशी उरावी? त्याच मात्रेने पूर्वी साखर ठीक राहत असे, ती आता पहाटे किंवा शाळेत खेळता खेळता एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, मुलगा भलतेच बोलू लागतो, क्वचित शुद्ध हरपते. २००२ साली इटलीतील वैद्यांनी मधुमेही मुलांत असे दाखविले की, थायरॉईड अगदी थोडी मंदावली असतानाही साखर उतरण्याचे प्रसंग वाढतात. गंमत अशी की, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीए-वन-सी तपासणी, ती या रोगात खऱ्यापेक्षा वाढलेली दिसू शकते. यंत्रावर साखर कमी, कागदावर जास्त, असा विरोध दिसला तर कोणीतरी खोटे बोलत आहे असे न मानता थायरॉईडची आठवण करावी.

येथेच खरा धोका आहे, आणि त्याच्यासाठीच आम्ही हा विषय निवडला. इन्सुलीन कमी लागू लागले की घरात आशा जागी होते. मूल रोज टोचून घेते, ते आईबापांना पाहवत नाही. कोणी कारल्याचा रस सुचविलेला असतो, कोणी दूरच्या गावाहून मुळी आणलेली असते, कोणी जगदंबेला नवस बोललेला असतो. त्याच सुमारास इन्सुलीन वीसाचे चौदा युनिट झाले, तर यश कोणाच्या पदरी घालावे हे ठरलेलेच. आणि पुढचे पाऊल म्हणजे, ‘आता टोचणे बंदच करून पाहू.’ हे पाऊल प्राणघातक आहे. थायरॉईड मंदावल्याने बेटांतील मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. इन्सुलीन पूर्ण बंद केले तर काही दिवसांत, कधी काही तासांतच, रक्तात आम्ल साचते, उलट्या होतात, श्वास खोल व जलद होतो आणि मूल बेशुद्ध होते. देवीवरील श्रद्धेला आमचा मुळीच विरोध नाही. नवस जरूर फेडावा. पण इन्सुलीन थांबवून तो फेडता येत नाही.

मधुमेह नुकताच कळला असेल तर पहिल्या काही महिन्यांत इन्सुलीनची गरज आपोआप कमी होते, हेही येथे सांगितले पाहिजे. उरल्यासुरल्या पेशींना थोडी विश्रांती मिळून त्या काही काळ काम करतात. तो थायरॉईडचा दोष नव्हे. पण बरे होणेही नव्हे. तो काळ संपतो. वर्षे लोटल्यानंतर गरज घटली तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. मूत्रपिंडे थकली असली तरी असे होते. क्वचित मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींवरही तोच घरचा हल्ला झालेला असतो. त्या रोगात साखर उतरते, पण वजन वाढण्याऐवजी घटते, कातडी काळवंडते, खारट खावेसे वाटते, उभे राहताच घेरी येते. हा भेद महत्त्वाचा आहे. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या असताना त्यांचा उपचार न करता आधी थायरॉक्सिन दिले, तर रोगी एकाएकी कोसळू शकतो. म्हणून शेजारणीची थायरॉईडची गोळी आपल्या मुलाला आपल्या मनाने सुरू करू नये.

अशा मुलांचा प्रश्न नागपूरला नवा नाही. डॉ. शरद पेंडसे यांनी नागपुरात उभारलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांना विनामूल्य इन्सुलीन देण्याचे काम हाती घेतले. ज्या घरात फ्रिज नाही तेथे नागपूरच्या उन्हाळ्यात इन्सुलीन टिकवावयाचे कसे, हा प्रश्न मातीच्या मडक्याने सोडविता येतो. एका मडक्यात दुसरे ठेवावे, मध्ये ओली वाळू भरावी. पाणी उडून जाते आणि आतला गारवा टिकतो. जे आपल्या आजीला ठाऊक होते, तेच येथे जीव वाचविते. उन्हाने खराब झालेले इन्सुलीन आणि मंद थायरॉईड यांचा परिणाम नेमका उलट असतो, हेही ध्यानात ठेवावे. इन्सुलीन नासले तर साखर चढते. थायरॉईड मंदावली तर उतरते.

तपासणी अगदी साधी आहे. एकदा रक्त द्यावयाचे. त्यात टीएसएच, आणि जरूर तर थायरॉक्सिन व प्रतिपिंडे पाहावयाची. पहिल्या प्रकारचा मधुमेह कळल्यावर प्रकृती स्थिर झाली की एकदा, आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी ही तपासणी करावी, असा जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. साखर वारंवार उतरणे, उंची खुंटणे, गळा सुजणे यांपैकी काही दिसले तर वेळेची वाट पाहू नये. मात्र मूल अत्यवस्थ होऊन रुग्णालयात पडले असेल, तर त्या दिवसांतील आकडा फसवा असतो. तो बरे वाटल्यावर पुन्हा पाहावा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे, कारण त्यांनीही आकडे बिघडतात. कोराडीच्या माणसाला यासाठी मुंबई गाठावयाची गरज नाही. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालये आहेत.

उपचारही सोपा, पण शिस्तीचा. थायरॉक्सिनची छोटी गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एक तासाने घ्यावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. त्या जवळ आल्या तर ती अंगात शिरत नाही. तिला उष्णता व दमट हवा सोसत नाही. तेव्हा पत्र्याच्या छपराखालचे फडताळ, स्वयंपाकघरातील चुलीजवळची फळी किंवा उन्हात उभ्या मोटारीचा कप्पा या जागा तिच्यासाठी नव्हेत. मात्रा बदलली की दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे. त्याआधी पाहून उपयोग नाही, कारण हा स्राव रक्तात हळूहळू स्थिरावतो. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना आरंभ अगदी लहान मात्रेने करतात. आणि मधुमेह्याने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. गोळी लागू पडली की शरीराचा वेग पूर्ववत होतो, आणि इन्सुलीनची गरजही पुन्हा वाढते. तेव्हा ‘गोळीने मधुमेह बिघडला’ असे समजून गोळी सोडू नये. बिघडले काही नाही. जे झाकले होते ते उघडे पडले, इतकेच.

तोपर्यंत, म्हणजे निदान होऊन मात्रा बसेपर्यंत, साखर उतरण्याची भीती असते. इन्सुलीन किती कमी करावयाचे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूल शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावयास द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर निजवून तत्काळ दवाखाना गाठावा. नवरात्रात कोराडीला यात्रेची गर्दी लोटते आणि घरोघर उपवास असतात. अशा मुलाने व मोठ्यानेही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून नऊ दिवसांचा कडक उपवास धरू नये.

मुलींच्या बाबतीत आणखी एक शब्द. मधुमेह असलेल्या मुलीचे लग्न हा घरातला नाजूक विषय असतो, आणि त्यात थायरॉईडची भर पडली की ती गोष्ट लपविण्याकडे कल होतो. लपविल्याने नुकसान तिचे आणि तिच्या बाळाचे होते. गर्भाच्या पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते, आणि त्या काळात तिची गोळीची गरजही वाढते. म्हणून गर्भधारणेपूर्वी टीएसएच ठीक करून घ्यावे, दिवस राहताच पुन्हा तपासावे, आणि बाळंतपणानंतरही काही महिने लक्ष ठेवावे. कारण पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या स्त्रियांत बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडण्याचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक असते. एवढी काळजी घेतली तर तिला संसार आणि मुले यांत कोणतीही बंदी नाही. जिची काळजी घेतली जाते, ती मुलगी उणी नसते.

आयोडीनयुक्त मीठ सोडावे काय, किंवा अधिक खावे काय, असे पुष्कळ लोक विचारतात. सोडू नये, आणि वाढवूही नये. कांग्रा खोऱ्यातील गलगंड आयोडीनच्या उणिवेचा होता, म्हणून मिठाने तो हटला. येथे उणीव आयोडीनची नाही, भांडण घरचे आहे. ते मिठाने मिटत नाही. कोबी आणि फुलकोबी शिजवून खाण्याचीही भीती बाळगू नये.

सारांश इतकाच की, एका ग्रंथीवर शरीर उलटले असेल तर दुसरीवरही उलटू शकते, हे ध्यानात ठेवून वागावे. इन्सुलीन कमी लागू लागले तर पेढे वाटण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे आणि ‘टीएसएच पाहिले काय?’ एवढे विचारावे. हा प्रश्न विचारावयास शिक्षण लागत नाही आणि त्यात संकोच करण्यासारखेही काही नाही. आपल्या ओळखीत, शेजारात, शाळेत इन्सुलीन घेणारे एखादे मूल असेल, तर त्याच्या आईबापांच्या कानावर ही गोष्ट घालावी. व्याख्यान ऐकून घरी जाताना श्रोत्यांनी एवढे एक काम बरोबर न्यावे, अशी आमची विनंती आहे.